गावंडे बाई थांबून राहिल्या

परवा माझी नात ईरा पलंगाखाली शिरून मोजा शोधत होती आणि वर गादीवर ठेवलेल्या टॅबमधल्या मॅडम तिला म्हणाल्या, "व्हेरी गुड, ईरा! अगदी बरोबर!" मी विचारलं, "काय गं, काय उत्तर दिलंस?" पलंगाखालून आवाज आला, "अजून दिलंच नाही, आजी." तोवर टॅबवर टाळ्या वाजल्या, फुगे उडाले, नातीच्या नावावर चांदण्या जमा झाल्या. आमच्या वेळी शाबासकी मिळवायला पोराला निदान वर्गात तरी असावं लागायचं. आता तेवढीही अट राहिली नाही.

मला गावंडे बाई आठवल्या. त्या इथे असत्या तर टॅबसमोर मांडी घालून बसल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, "काहून वं बाई, पोट्टी पलंगाखाली आहे, अन् तू कोणाले शाबासकी देऊन राहिली?"

बाईंचं माहेर, सासर, गोत, शिक्षण हे सगळं मला ठाऊक आहे आणि त्यातलं काही मी सांगणार नाही. त्यातून बाई कळत नाहीत. बाई कळायच्या त्या वर्गाच्या दारातून. प्रश्न विचारून झाला की त्या कमरेच्या पिशवीतून एक लवंग काढून तोंडात टाकायच्या, हाताची घडी घालायच्या आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. वर्गात चिडीचूप. कोणी बोलत नाही. बाई लवंग चघळताहेत. बाहेर एखादी बैलगाडी येऊन निघून जाते. तरी बाई उभ्याच. मग कोपऱ्यातलं एखादं पोर घाबरून मागेपुढे होऊ लागलं की म्हणायच्या, "सांग, सांग. थांबून राहिली मी. मले कुठं गाडी पकडाची आहे?"

हुशार पोरांचे हात वर असायचे. त्यांना बाई म्हणायच्या, "तुले येते हे मले माईत आहे. खाली घे हात, खांदा दुखन."

आमची शाळा बडनेरा सोडून मूर्तिजापूरच्या अंगाला, डांबरी रस्त्यापासून आत. एका बाजूला कपाशी आणि तूर, दुसऱ्या बाजूला माळ्यांच्या झेंडू-शेवंतीच्या वाड्या. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळी पाच-सहा माजी सरपंचांचे फोन येतील. संस्था अकोल्याची होती. मोठी शाळा अकोल्याला, आणि आमची धरून तीन शाळा खेड्यांत.

मी अमरावतीची. हे मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी वर्गाला दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा ओळख म्हणून आणि दुसऱ्यांदा कोणाच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही म्हणून. तेव्हाची मी म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. पर्सला जुळणारी चप्पल, चपलेला जुळणारी छत्री, आणि काळा गॉगल, जो मी एस.टी.तून उतरतानाही काढत नसे. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मी सरळ फाट्यावरच्या नालीत उतरले होते. बी.एड.ला पहिला वर्ग. माझी अशी पक्की समजूत होती की हे गाव विजेची वाट बघावी तशी माझी वाट बघत होतं. वीज माझ्या आधीच आलेली होती, हे मला कोणी सांगितलं नाही.

माझा अभ्यासक्रम दिवाळीआधी संपायचा. मुलांना काय आलं, हा प्रश्न बी.एड.च्या पेपरात नव्हता, त्यामुळे मी तो सोडून दिला होता. गावंडे बाईंचं उलट. इतिहास-भूगोल त्यांच्याकडे, आणि त्यांच्या इतिहासात दुसरी लढाई सुरू व्हायच्या आत वार्षिक परीक्षा यायची. मुख्याध्यापक राऊत सर डोकं धरून बसायचे. "बाई, अहो पोर्शन!" बाई म्हणायच्या, "सर, लढाई होऊन चारशे वर्सं झाली. अजून चार दिवसांनं तिचं काई बिघडत नाई."

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. साहेबांची पद्धत अशी की प्रश्न स्वतः विचारायचा, पोरगं तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतः द्यायचं, आणि मग नाराज व्हायचं. तीन प्रश्न असे झाले. चौथ्याला गावंडे बाई मागून म्हणाल्या, "साहेब, त्याले बोलू द्या ना. उत्तर तुमाले येते, हे आमाले पटलं आता."

राऊत सरांच्या हातातला साहेबांचा चहा बशीत सांडला. साहेब मात्र हसले. हसणं भाग होतं, वर्ग आधीच हसत होता.

अशा बाईंच्या शाळेत एक दिवस डिजिटल क्रांती टेम्पोत बसून आली.

फळा होता, काचेचा, वर्गातल्या जुन्या फळ्याहून मोठा. त्याला हार घातला, नारळ फोडला, उदबत्ती लावली. नारळाचं पाणी फळ्याच्या यंत्रात गेल्यामुळे पहिला आठवडा तो सुरूच झाला नाही. सुरू झाल्यावर त्याला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं, कारण बिघडला तर तपासणीला काय दाखवणार? त्याच्यावरचं प्लास्टिक राऊत सरांनी काढू दिलं नाही. पोरं चपला बाहेर काढून त्या खोलीत जायची. रिमोट राऊत सरांच्या खिशात. ते घरी जेवायला गेले की क्रांतीही जेवायला जायची.

मी अर्थातच हरखले होते. माझा जन्मच फळ्यावर टिचकी मारून ज्वालामुखी फोडण्यासाठी झाला होता, असं मला वाटायला लागलं होतं. पहिला व्हिडिओ लागला. त्यातल्या मॅडम पुण्याच्या असाव्यात, इतक्या गोड बोलत होत्या. त्यांनी विचारलं, "मुलांनो, पाण्याच्या किती अवस्था असतात?" आणि श्वासही न घेता पुढे, "छान! अगदी बरोबर! तीन!"

गावंडे बाई मागे उभ्या होत्या. "कोणाले छान म्हणून राहिली ही? कोणी बोललंच नाई अजून."

"बाई, तो व्हिडिओ आहे," मी माझ्या सगळ्या तांत्रिक ज्ञानानिशी समजावलं.

"ते मले समजते. पण थांबवता येते का नाई त्याले?"

येत होतं. रिमोटवर त्यासाठी एक बटणच होतं, आणि ते आमच्यापैकी कोणी अजून दाबलं नव्हतं. बाईंनी राऊत सरांपुढे हात पसरला. सरांनी तो रिमोट असा दिला की जणू बाई तो घेऊन नागपूरला पळून जाणार आहेत. बाईंनी मॅडमना तोंड उघडं असतानाच थांबवलं, लवंग तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "हं. किती अवस्था?" त्या तासाला व्हिडिओचं जेमतेम एक मिनिट पुढे सरकलं. बाहेर पडताना बाई खूश होत्या. "चांगलं यंत्र आहे, मॅडम. याले थांबवता येते. तुमाले थांबवाले असं बटण नाई."

मी तेव्हा रागावले होते. आता सुनेशी बोलताना मला त्या बटणाची आठवण येते.

मग लॉकडाऊन आलं. शाळा बंद, शिक्षण सुरू, असं वरून कळवण्यात आलं. मी काय केलं ते सांगते. पंचावन्नाला टेकलेली बाई मी, पण मी गोल दिवा मागवला, लिपस्टिक लावली आणि मागे खोटं ग्रंथालय लावून धडे रेकॉर्ड केले. खुर्चीत हलले की माझा कान ग्रंथालयात विरघळायचा. पोरं धडा ऐकत नव्हती, पण कान कधी जातो ते बघायला सगळी व्हिडिओ लावायची.

वर्गाचा मोबाईलवर ग्रुप होता. त्यात सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी माझे धडे आणि संध्याकाळी फूलबाजारातला झेंडूचा भाव. तिन्हींपैकी वाचला जायचा फक्त भाव.

गावंडे बाईंकडे बटणांचा फोन होता. पुतण्यानं त्यांच्या गळ्यात नवा मारला. त्यांनी त्यातलं एकच शिकून घेतलं, बोलून पाठवणं. त्यांचा पहिला धडा आला तो असा: आधी हजेरी. एकेक नाव, आणि प्रत्येक नावानंतर शांतता. मग प्रश्न. "सांगा, आपल्या गावची नदी कोणत्या नदीले मिळते?" आणि त्यानंतर काहीच नाही. लांबलचक शांतता. मध्ये कुकरची शिट्टी, एक चिमणी, पुतण्याची बायको, "काकू, मीठ कुठं?" परत शांतता. शेवटी, "बरोबर. आता पुढचा."

मी तातडीनं फोन केला. "बाई, तुमचं रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं हो."

"राहून नाई गेलं. पोट्टे उत्तर देऊन राहिले होते."

"अहो, पण ते तुम्हाला ऐकू येत नाही ना!"

"मले नाई आलं तर काय झालं? त्यायचं त्यायले तर येते."

मी फोन ठेवून खूप हसले. घरातल्या सगळ्यांना सांगितलं, पुण्याला मुलाला फोन करून सांगितलं. माझं हसू आठवडाभर टिकलं. मग कळायला लागलं की गावात लोक खरंच उत्तरं देताहेत. फोन वडिलांकडे असायचा, वडील पहाटे फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात. तिथे स्पीकरवर बाईंचा प्रश्न लागला की हमाल, अडते, सगळे मिळून "पूर्णा!" असं ओरडायचे. घरी पोळ्या लाटताना आया उत्तरं द्यायच्या आणि चुकल्या की पोरं फिदीफिदी हसायची. बाईंची ती रिकामी जागा गावभर भरून निघत होती. माझ्या धड्यांत रिकामी जागा फक्त कानाच्या ठिकाणी होती.

त्या शांततेचा सगळ्यांत जास्त फायदा झाला तो मयूरीला. तुळशीराम माळ्याची ही धाकटी. बोलताना तिची जीभ अडायची. पहिलं अक्षर ओठावर यायचं, तिथेच आपटत राहायचं, आणि समोरचा माणूस दयेनं म्हणा, घाईनं म्हणा, तिचं वाक्य पूर्ण करून टाकायचा. तिच्या आयुष्यातली निम्मी वाक्यं दुसऱ्यांनी संपवली होती. लॉकडाऊनमध्ये मात्र ती फोन घेऊन शेवंतीच्या वाफ्यात बसायची आणि बाईंच्या प्रश्नानंतरच्या त्या मोकळ्या वेळात पूर्ण उत्तर द्यायची. तिची आई सांगायची, "बाई, इतकी बोलते आता. फुलायशी बी बोलते."

शाळा उघडल्या आणि अकोल्याच्या संस्थेला कळलं की आता सगळं जोडलेलं आहे. मग तीन खेड्यांत तीन भूगोलवाले कशाला? अकोल्यात एक खोली रंगवली, तिला स्टुडिओ म्हणाले, आणि एक तरतरीत सर तिथे उभे केले. ते तिन्ही शाळांना एकाच वेळी शिकवणार. आमच्याकडे आठवी-नववी एकत्र बसवून राऊत सर रिमोट धरणार. गावंडे बाईंकडून भूगोल गेला आणि पाचवी आली. कारण असं दिलं की पाचवीला अनुभवी शिक्षक लागतो. आठवी-नववीला लागत नसावा.

स्टुडिओतले सर वाईट नव्हते. नकाशे छान फिरवायचे. त्यांची अडचण एवढीच की तीन गावं आणि एक तास. प्रश्न विचारला, पोरगं उठलं, बोललं तर ठीक, नाही तर पुढे. मयूरी आठवीत होती. ती उठायची. पहिलं अक्षर यायचं, आपटायचं, आणि अकोल्याहून आवाज यायचा, "आवाज तुटतोय. नेटवर्क प्रॉब्लेम दिसतोय. पुढे जाऊ या." राऊत सर भाबडे, ते लगेच उठून खिडकीतल्या इंटरनेटच्या डबीचे दिवे बघायचे. दिवे हिरवे असायचे. सर परत येऊन बसायचे.

मग मयूरी यायची बंद झाली.

बाईंना पाचवीत बसून हे कळायला जरा वेळ लागला. कळलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "चला मॅडम, फुलं तोडाले." दसरा तोंडावर होता. मी उंच टाचांच्या चपला घालून काळ्या मातीत गेले, यावरून माझ्यात त्या तीस-बत्तीस वर्षांत किती सुधारणा झाली होती ते कळेल. वाडीत मयूरी झेंडू तोडत होती. बाईंनी काही विचारलं नाही. पदर खोचला आणि शेजारच्या ओळीत तोडायला लागल्या. मीही दोन फुलं तोडली आणि कंबर धरून बांधावर बसले.

टोपली अर्धी भरली तेव्हा मयूरी बोलली. ते तिनं जसं सांगितलं तसं लिहायचं तर पान भरेल, म्हणून मी सरळ लिहिते. ती म्हणाली, "बाई, मी बोलली का सर म्हणतात नेटवर्क गेलं. खरंच जाते का?"

बाईंनी हातातलं फूल टोपलीत टाकलं. "नाई," त्या म्हणाल्या. "नेटवर्क राहते. त्यायचा धीर जाते."

"मंग मी नाई येत."

"नको येऊ. फुलं तोड. चांगला धंदा आहे. पण उद्या एक दिवस ये. मी बसतो तुयाजवळ."

दुसऱ्या दिवशी गावंडे बाईंनी पाचवीला सांगितलं, "आवाज केला तर याद राखा," आणि पाचवीला वाऱ्यावर सोडून आठवीच्या बाकावर मयूरीशेजारी येऊन बसल्या. मीही मागच्या भिंतीशी उभी राहिले. माझा तास नव्हता, पण अशी संधी मी सोडणारी नव्हे.

अकोल्याच्या सरांनी विचारलं, "महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस कुठे पडतो?" मयूरीचा हात वर गेला. तो बाईंनी कोपरानं ढोसून वर नेला, असं राऊत सरांचं म्हणणं. मी तसं काही पाहिलं नाही.

"हां, दुसऱ्या बाकावरची. सांग बेटा."

मयूरी उठली. पहिलं अक्षर आलं. आपटलं. परत आपटलं.

"आवाज तुटतोय. नेटवर्क प्रॉब्लेम दिस..."

"ओ सर!" बाई उभ्या राहिल्या. हा आवाज अकोल्याला पोचायला यंत्राची गरज नव्हती. "नेटवर्क चांगलं आहे. पोट्टी बोलून राहिली. थांबा."

"नाही बाई, पण आपल्याकडे वेळ..."

"तुमच्याकडे नसन. आमच्याकडे आहे."

आणि तीन गावं आणि एक जिल्ह्याचं शहर थांबलं. असं थांबणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर सरांना आपल्या चेहऱ्याचं काय करावं ते कळेना. त्यांनी टाय सरळ केला, पाणी प्यायलं, परत टाय सरळ केला. दुसऱ्या गावच्या चौकोनात एक शेळी वर्गात शिरली आणि तिला कोणी हाकललं नाही. राऊत सर रिमोट उगाच उलटा-सुलटा करत होते. मी पंख्याकडे बघत होते. मयूरीचे ओठ हलत होते, मान ताणली होती, कपाळावर घाम. शेजारी बाई लवंग चघळत खिडकीबाहेर बघत होत्या, जणू एस.टी. स्टँडवर उभ्या आहेत आणि गाडी यायचीच आहे.

"चिखलदरा," मयूरी म्हणाली. पूर्ण.

"चूक!" सर म्हणाले. त्यांना इतकं सुटल्यासारखं झालं की ते जवळजवळ आनंदानं ओरडले. "आंबोली! उत्तर आंबोली आहे."

आमच्या अख्ख्या वर्गाला धक्का बसला. वऱ्हाडात पाऊस म्हटलं की चिखलदरा. त्याच्या पुढे पाऊस असू शकतो हे आमच्याकडे कोणी मनावर घेतलेलं नाही. मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या पोरीची पाठ थोपटतील, चांगला प्रयत्न वगैरे म्हणतील. मी असते तर डोळ्यांत पाणी आणलं असतं, ते मला चांगलं जमायचं.

बाई म्हणाल्या, "चूक आहे. बस खाली." दुसऱ्या कुठल्याही पोराला म्हणाव्यात तशा.

पण मयूरी बसली नाही. परत तिची मान ताणली. यावेळी सर टायला हात लावून आपणहून थांबले. बराच वेळ लागला, पण प्रश्न आला. "सर, तुमी गेले होते का आंबोलीले?"

पडद्यावर सरांचं नुसतं इकडे बघ, तिकडे बघ.

गावंडे बाई म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज येऊन नाई राहिला."

तिन्ही गावं हसली. शेळीसुद्धा ओरडली. सरही शेवटी हसले आणि म्हणाले, "नाही हो. मी नाही गेलो."

"परीक्षेत आंबोलीच लिहिजो," बाईंनी मयूरीला बजावलं. "भांडण मंग करजो." आणि त्या पाचवीकडे धावल्या. तिथे तोवर खडूची अख्खी पेटी भिंतीवर संपली होती.

संस्थेनं बाईंकडे खुलासा मागितला. वर्गात व्यत्यय आणल्याबद्दल. बाई म्हणाल्या, पोरगी बोलत होती. यापेक्षा जास्त खुलासा त्यांच्याकडून कोणालाच मिळाला नाही. भूगोल काही त्यांना परत मिळाला नाही. मयूरी मात्र वर्गात बसायला लागली आणि उठली की अकोल्याचे सर घड्याळाकडे बघत का होईना, पण थांबायला लागले. वडिलांच्या मोबाईलवर ती सरांचे जुने तास परत परत लावायची, मध्येच बंद करून सरांशी वाद घालायची. तिची आई म्हणायची, "फुलायची सुटका झाली."

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्या काचेच्या फळ्यासमोर. संस्थेचे सचिव अकोल्याहून पडद्यावर आले, "गावंडे बाई म्हणजे..." इथपर्यंत बोलले आणि उघड्या तोंडानं तिथेच गोठले. दिवे खरोखरच लाल झाले होते. सचिवांचं ते वाक्य अजून अपुरं आहे आणि बाईंबद्दल संस्थेचं नक्की मत काय, ते आम्हाला कळलेलं नाही. मी बोलले. भरपूर बोलले, कविताही म्हटली, माझीच. शेवटी विद्यार्थ्यांच्या वतीनं कोण बोलणार म्हटल्यावर मयूरी उठली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती तिच्या गतीनं बोलत होती. समोसे गार झाले. एस.टी.ची वेळ झाली म्हणून दोन शिक्षक वाकून मागच्या दारानं निसटले. राऊत सरांनी मला डोळ्यांनी खूण केली म्हणून मी व्यासपीठाकडे पाहिलं. गावंडे बाई झोपल्या होत्या. शाल गुडघ्यावरून घसरलेली, हनुवटी हारात रुतलेली, तोंड किंचित उघडं. सकाळपासून पाया पडून घेऊन थकल्या असाव्यात. किंवा माझी कविता असेल.

त्यांना जागं करावं म्हणून मी लगबगीनं पुढे गेले. मयूरी एका शब्दावर अडली होती. तशीच अडलेली असताना तिनं मला हात करून थांबवलं, झोपू द्या, असं मानेनं सांगितलं, आणि मग तो शब्द पूर्ण करून पुढच्याला हात घातला. तिचं अजून बरंच सांगायचं बाकी होतं.